अणूच्या घराची दारे

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर नावाचे गाव आहे. तेथील घरांना दारे न लावण्याची व कुलपे न घालण्याची परंपरा आहे. शनिदेव गावाचा राखणदार असून चोरी करणाऱ्यास तो शासन करतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. 2011 मध्ये युको बँकेने तेथे शाखा उघडली, तीही बिनकुलपाची!

परंतु याच महाराष्ट्रात असेही एक घर आहे, की ज्याला एकाआड एक अनेक दारे असून ती सर्व मिटलेलीच असावी लागतात. ते घर म्हणजे पालघर जिल्ह्यातील समुद्रकाठचे तारापूर अणुविद्युत् केंद्र. भारतातील हे पहिले अणुविद्युत् केंद्र 1969 मध्ये सुरू झाले.

युरेनियमच्या अणूचा गर्भ फुटला, म्हणजे उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोराने चक्र फिरते आणि वीज उत्पन्न होते. कोळशाप्रमाणे येथे धूर निघत नाही. मात्र फुटलेल्या अणूंचे जे अवशेष उरतात, ते किरणोत्सर्गी असतात. त्यांचे किरण दिसत नाहीत, त्यांना वास नसतो. पण त्यांची मात्रा अधिक झाली, तर शरीरास गंभीर अपाय होतो. म्हणून हे अवशेष कोंडून ठेवावे लागतात.

पहिले दार म्हणजे इंधनाची टणक गोळीच होय; बहुतेक अवशेष तिच्यातच अडकून राहतात. दुसरे दार, गोळ्या ज्यात भरतात ती झिर्कोनियमच्या मिश्रधातूची नळी. तिसरे दार, वाफेचा व पाण्याचा दाब सोसणारी मजबूत पात्रे व नळ्या. चौथे दार, सर्वांभोवतीची काँक्रीटची भक्कम वास्तू. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीभोवती तर अशी दुहेरी भिंत आहे.

दारे नसली किंवा ती राखली नाहीत, तर काय होते, हे जगाने पाहिले आहे. 1986 मध्ये चेर्नोबिल येथे एका चाचणीच्या वेळी भट्टी फुटली. तिच्याभोवती अशी भक्कम वास्तू नव्हती. त्यामुळे किरणोत्सर्गी द्रव्ये दूरवर पसरली. 2011 मध्ये जपानात भूकंप व त्सुनामी आली, तेव्हा फुकुशिमा येथील भट्ट्या बंद करण्यात आल्या होत्या. परंतु चुलीतील लाकूड ओढून घेतले, तरी निखारे धगधगतच असतात; तशीच बंद भट्टीतही उष्णता निर्माण होत राहते. समुद्राच्या पाण्याने वीजपुरवठ्याची यंत्रे बुडाली, थंड पाणी फिरेनासे झाले आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. पुढे भारतानेही आपल्या केंद्रांची फेरतपासणी केली.

2047 पर्यंत एक लाख मेगावॅट अणुवीज निर्माण करण्याचे उद्दिष्ट भारताने 2025 मध्ये जाहीर केले. तेव्हा ही क्षमता सुमारे आठ हजार मेगावॅट होती. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरला मोठे केंद्र योजिले गेले, तेव्हा तेथील मच्छीमारांनी आपल्या मासेमारीविषयी व सुरक्षिततेविषयी प्रश्न विचारले. वीज देशाला हवी, हे खरे. पण शेजारी राहणाऱ्यांच्या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे मिळणे, हेही तितकेच आवश्यक होय. केंद्रांवर देखरेख ठेवण्यासाठी 1983 मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले आहे.

शिंगणापुरात दार नसणे, हे विश्वासाचे चिन्ह आहे. अणूच्या घरी मात्र दार मिटलेले असणे आणि ते वारंवार तपासणे, यांतूनच विश्वास उत्पन्न होतो.