चरबीतल्या पेशी आणि दोन एकर रान

नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे एस.टी.ने लातूरला पोचलो, तेव्हा आत्या ओसरीवर बोटे शेकत बसल्या होत्या. आमवाताने हात वाकडे झालेले. त्यांनी एक पत्रक माझ्यापुढे सरकवले. ‘पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी टोचतात म्हणे. प्रतिकारशक्ती वाढते अन् दुखणं मुळातून जातं. दोन एकर रान काढावं म्हणते.’

प्रश्न जमिनीचा होता. उत्तर तोलूनमापून देणे भाग होते.

चरबी म्हणजे साठवणीची कणगी, असेच आपण समजत आलो. पण २००१ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या चरबीतून मूळपेशी मिळवल्या. हाड, कूर्चा घडवू शकणाऱ्या या पेशींचा दुसरा गुण पुढे ध्यानात आला. भोवती दाह पेटला, की त्या प्रोस्टाग्लँडिन ई-२ सारखी रसायने सोडतात. हल्ला करणाऱ्या टी-पेशींची वाढ त्यामुळे मंदावते आणि त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींना बळ मिळते.

म्हणजे, वाचकहो, या पेशी प्रतिकारशक्ती वाढवीत नाहीत; भडकलेलीला शांत करतात! आमवातात शरीराची फौज स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते, म्हणून संशोधकांना यात आशा वाटते.

मात्र आशा म्हणजे औषध नव्हे. क्रोन्स या आतड्याच्या रोगातील भगंदरावर अशा पेशींचे ‘अलोफिसेल’ हे औषध युरोपात २०१८ साली मंजूर झाले. पुढच्या मोठ्या चाचणीत त्याचा अपेक्षित गुण दिसला नाही. २०२४ मध्ये ते तिथल्या बाजारातून मागे घेण्यात आले. आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की रक्तविकारांसारख्या मोजक्या आजारांतील रोपण वगळता मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत.

‘अन् हे तर आगाऊ मागतात,’ आत्या म्हणाल्या. ‘म्हणजे इथंच पाणी मुरतंय.’

थोड्या वेळाने त्यांनी फडताळातून डबी काढली. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी त्यांनी दिवाळीपासून, कुणाला न विचारता, बंद केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबी घेऊन आम्ही डॉक्टरांच्या रांगेत बसलो. रानाचा विषय पुन्हा निघाला नाही.