पाटीवरचा ‘इंजिनिअर’

पेण-रोह्याच्या बाजारपेठांत मी पाट्या वाचत हिंडतो. वकिलाच्या पाटीमागे १९६१चा कायदा आहे, आर्किटेक्टच्या पाटीमागे १९७२चा. ‘इंजिनिअर’ या पाटीमागे मात्र असा केंद्रीय कायदा नाही.

याचे मूळ शिक्षणाच्या हेतूत आहे. १८५४मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला तो बांधकाम खात्याला हाताखालची माणसे पुरवण्यासाठी. पुढे वरच्या जागा बहुतेक इंग्लंडातील कूपर्स हिल कॉलेजातून भरल्या जात. पुण्यात शिकलेले विश्वेश्वरय्या १८८४मध्ये सहायक अभियंता झाले, तेही खात्यातच. प्रतिष्ठा हुद्द्याला होती, व्यवसायाला नव्हे. १९२०मध्ये ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ स्थापन झाली, १९३५मध्ये तिला राजसनद मिळाली. तरी हे बिरुद कोणी लावावे, यावर बंधन आले नाही.

१९८९मध्ये लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवी रायगडात आली. पदवीधर वाढले, सरकारी हुद्दे तेवढे नाहीत. मग घराच्या स्लॅबची जबाबदारी कोणाची? इमारत कोसळली तर काय होते, ते २०२०मध्ये महाडने पाहिले; १६ जण गेले. म्हणून घर बांधणाऱ्याला मी सांगतो : पाटी वाचा, पण नकाशावर सही करणाऱ्याचा परवानाही मागा.