चव बघणाऱ्याने चेहरा लपवावा का?



लग्नाच्या पंगतीत व्याह्यांच्या पानावर तूप सढळ हाताने पडतं. शेवटच्या ओळीत बसलेल्या बाईच्या पानावर मात्र नुसती धार दाखवून तुपाचं भांडं पुढं सरकतं. याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. त्यात गंमत अशी, की ज्याच्या पानावर जास्त पडतं त्याला तो कधी दिसत नाही. व्याह्यांना विचारलं, "जेवण कसं झालं?" तर ते म्हणणार, "उत्तम!" ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या पानापुरतं ते खरंच असतं. पण शेवटच्या ओळीतलं जेवण कसं होतं, हे त्यांना विचारून कळायचं नाही.

आजच्या बोलण्याचा विषय हाच आहे. फक्त पंगत थोडी लांबची आहे.

अमेरिका, फ्रान्स, इंग्लंड या देशांत काही माणसांचं कामच असतं, हॉटेलात जाऊन जेवायचं आणि जेवण कसं होतं ते वर्तमानपत्रात लिहायचं. त्यांना खाद्यसमीक्षक म्हणतात. मोठ्या वर्तमानपत्राच्या समीक्षकाने चांगलं लिहिलं तर त्या हॉटेलात गर्दी होते आणि वाईट लिहिलं तर टेबलं रिकामी राहतात. आचारी, वाढपी, भांडी घासणारे, सगळ्यांची रोजीरोटी त्या लिहिण्याला बांधलेली. मग प्रश्न असा पडतो, की या माणसाने आपण कोण ते सांगून जेवायला जावं, की ओळख लपवून?

न्यूयॉर्क शहरात 'न्यूयॉर्क टाइम्स' नावाचं मोठं वर्तमानपत्र आहे. १९५७ साली तिथं क्रेग क्लेबोर्न नावाचे गृहस्थ खाद्यविभागाचे संपादक झाले. त्यांनी या कामाला शिस्त लावली. हॉटेलात जायचं ते गाजावाजा न करता, एकदा नव्हे तर अनेकदा जायचं आणि बिल वर्तमानपत्राने भरायचं. फुकटचं जेवण घ्यायचं नाही. पुढे त्याच वर्तमानपत्रातल्या मिमी शेरेटन या समीक्षक बाई तर केसांचे टोप घालून जेवायला जात.

याच खुर्चीवर १९९३ साली रूथ रायशल नावाच्या बाई आल्या. त्या येण्याआधीच न्यूयॉर्कच्या हॉटेलांत त्यांचा फोटो पोचला होता. मग रायशलबाईंनी वेश बदलायचं ठरवलं. टोप, वेगळे कपडे, वेगळं नाव, वेगळी चालण्या-बोलण्याची ढब. साध्या, कोणाच्या डोळ्यात न भरणाऱ्या बाईचं रूप घेऊन त्या 'ल सर्क' नावाच्या हॉटेलात गेल्या. श्रीमंत आणि नामवंत लोकांचं हे हॉटेल. वर्तमानपत्राचे सगळ्यात वरचे, म्हणजे चार तारे त्याला मिळालेले होते.

तिथं काय झालं? आधी वाट बघत बसवलं. मग मद्याची यादी वाचायला हातात दिली, ती वाचून होण्याआधीच परत मागून घेतली, कारण दुसऱ्या गिऱ्हाइकाला हवी होती. पाच महिन्यांत त्या तिथं पाच वेळा जेवल्या. चौथ्या वेळी मालकाने त्यांना ओळखलं आणि सगळंच पालटलं. स्पेनच्या राजाला थांबवून ठेवून आधी तुम्हाला बसवतो, अशा अर्थाचं मालक बोलले. गोड पदार्थावरची रासबेरीची फळं आधी आली होती त्यापेक्षा कितीतरी मोठी आली. स्वयंपाकघर तेच आणि आचारीही तेच होते. बदललं होतं ते समोर बसलेल्या बाईबद्दलचं मत.

रायशलबाईंनी दोन्ही जेवणांचं वर्णन एकाच लेखात शेजारी शेजारी छापलं. एक अनोळखी बाईचं, एक ओळखीच्या बाईचं. आणि चार ताऱ्यांतला एक कमी केला. मैत्रिणींनो, शहाणपण इथं आहे. जेवण वाईट आहे म्हणून तारा गेला नाही, तो वाढण्यातल्या भेदभावामुळे गेला. न्यूयॉर्कमधल्या बहुतेक वाचक बाया त्या हॉटेलात गेल्या असत्या तर कोणाच्या ओळखीच्या नसत्या. त्यांना जे पान मिळणार होतं, ते कसं असतं हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

आता दुसरी बाजू ऐकू. ती काही हलकी नाही.

आपण सगळ्या रोज स्वयंपाक करतो. दारात अचानक पाहुणा आला तर आपल्याला काय बदलता येतं आणि काय येत नाही, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? सकाळी वाटलेला मसाला पुन्हा वाटता येत नाही. रात्री भिजत घालायची राहिलेली मटकी दुपारी मोड काढत नाही. हाताला वळण नसेल तर साहेब समोर बसले म्हणून भाकरी फुगत नाही. पण दुसऱ्या काही गोष्टी जरूर बदलता येतात. रश्शातली चांगली फोड निवडून वाढता येते. तव्यावरची गरम भाकरी आधी देता येते. वाटी भरून देता येते. पंख्याखाली बसवता येतं, हसून बोलता येतं.

म्हणजे वाईट आचाऱ्याला ओळखीने चांगलं होता येत नाही. पण चांगल्या हॉटेलाला माणूस बघून वाढता येतं. इंग्लंडमध्ये वर्तमानपत्रांचे बरेच समीक्षक चेहरा लपवत नाहीत. त्यांचे फोटो छापून येतात, ते टीव्हीवरही दिसतात. ओळखल्याने स्वयंपाक काही सुधारत नाही, असं त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात. ते अर्धं खरं आहे. स्वयंपाकाबद्दल खरं आहे, वाढण्याबद्दल नाही.

शिवाय लपून राहणंही आता सोपं उरलेलं नाही. एस. आयरीन व्हर्बिला या 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या समीक्षक बाईंनी पंधरा वर्षांहून जास्त काळ आपला चेहरा जपला होता. २०१० सालच्या डिसेंबरात त्या बेव्हर्ली हिल्समधल्या एका नव्या हॉटेलात गेल्या. त्यांना ताटकळत ठेवलं. मग हॉटेलच्या भागीदाराने त्यांचा फोटो काढला, निघून जायला सांगितलं आणि तो फोटो इंटरनेटवर टाकला. बाईंचं लिहिणं विनाकारण निर्दयी असतं, अशी त्याची तक्रार होती. वागणं बरं नव्हतं, पण तक्रारीच्या तळाशी एक खरी गोष्ट आहे. जिच्या लेखणीने माझा धंदा बसू शकतो, ती मला दिसतसुद्धा नाही, ही बोच समजण्यासारखी आहे.

त्याच वर्तमानपत्राचे दुसरे समीक्षक जोनाथन गोल्ड. खाद्यसमीक्षेसाठी पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळवणारे ते पहिले. तो त्यांना २००७ साली मिळाला. २०१५ च्या जानेवारीत त्यांनी ओळख लपवणं सोडून दिलं आणि वर्तमानपत्रात आपला फोटो छापू दिला. बऱ्याच हॉटेलांना ते कोण हे ठाऊक होतं, फक्त दोन्ही बाजू ठाऊक नसल्याचं सोंग करत होत्या. ते सोंग त्यांनी संपवलं.

पण गोल्ड यांचं नाव कशाने झालं, तेही सांगायला हवं. परदेशांतून येऊन लॉस एंजेलिसमध्ये वसलेल्या लोकांच्या लहान लहान खानावळींवर आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर त्यांनी खूप लिहिलं. आम्हाला वाटतं, अशा ठिकाणी चेहरा लपवण्याची गरजच कमी. जिथं एकच पातेलं, एकच पळी आणि एकच भाव आहे, तिथं कोणाला वेगळं काय वाढणार? भेदभावाला जागा मिळते ती टेबलांची प्रतवारी आणि गिऱ्हाइकांची पायरी असते तिथं. जितकी मोठी पंगत आणि जितके जास्त मानपान, तितकी चेहरा लपवण्याची गरज जास्त.

फ्रान्समधल्या मिशलिन कंपनीची पद्धत आणखी वेगळी आहे. ही टायर बनवणारी कंपनी. मोटारीने फिरणाऱ्यांसाठी तिने १९०० साली एक माहितीपुस्तक काढलं आणि १९२६ पासून चांगल्या हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली. आज तो तारा मिळावा म्हणून आचारी आयुष्य वेचतात. मिशलिनचे तपासनीस कंपनीचे पगारी नोकर असतात. ते नाव न सांगता जेवतात आणि बिल भरतात. लेखाखाली त्यांचं नाव येत नाही. जबाबदारी सगळी पुस्तकाची.

इथं एक बारीक फरक ध्यानात घ्या. रायशलबाईंनी चेहरा लपवला तो स्वयंपाकघरापासून. वाचकांपासून नाव लपवलं नाही. लेखाखाली त्यांची सही होती. चुकीचं लिहिलं असतं तर जाब विचारायला माणूस होतं.

आता फोनमध्ये बघा. हॉटेलच्या नावापुढे तारे दिसतात आणि खाली लोकांचे अभिप्राय. इथं उलटा प्रकार होऊ शकतो. मालकाच्या भाच्यानेच पाच तारे दिलेले असतात किंवा शेजारच्या धंदेवाल्याने एक तारा. जेवणारा कोणी जेवलेलाच नसतो. म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी एक मानक काढलं. अभिप्राय देणारा खरा माणूस आहे का, हे फोन किंवा ईमेलवरून पडताळावं आणि विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असं त्यात सांगितलं आहे. ते ऐच्छिक आहे, पण दिशा बरोबर आहे. फुकट जेवून किंवा पैसे घेऊन व्हिडिओ करणाऱ्यांनी तसं उघड सांगावं, असा नियम आपल्या देशातल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली केला.

हे सगळं तोलून आमचं मत असं झालं आहे. चेहरा लपवणं हे औषध आहे, आणि औषध रोग असेल तिथंच घ्यायचं. माणूस बघून वाढण्याची सवय जिथं असेल तिथं ओळख न देता जाणंच बरं. पण चेहरा लपवला आणि बिल मालकाने भरलं, तर उपयोग शून्य. चेहरा लपवला आणि एकदाच जाऊन निकाल दिला, तर तो अन्याय. त्या दिवशी आचारी आजारी असेल, गॅस संपला असेल. उलट चेहरा उघडा आहे, पण बिल स्वतः भरलं, तीनचार वेळा जेवली, शेजारच्या टेबलावर काय वाढलं गेलं ते पाहिलं आणि खाली सही केली, तर त्या बाईचं लिहिणं आम्ही विश्वासाने वाचू.

हे आपल्याला कशाला, असं कोणी विचारेल. बायांनो, आपल्यातले कितीतरी गट खानावळ चालवतात, प्रदर्शनात झुणका-भाकरीचा स्टॉल लावतात, शाळेचा पोषण आहार शिजवतात. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव बघायची आणि वहीत नोंद करायची, असा पोषण आहाराचा नियम आहे. मग चव कोणत्या भांड्यातून घेतली, हा प्रश्न मोलाचा ठरतो. चव बघणाऱ्यांसाठी वाटीत वेगळं काढून, वरून कोथिंबीर घालून ठेवलं, तर वहीतली सही व्याह्यांच्या "उत्तम"सारखीच. मुलांना ज्या पातेल्यातून वाढणार, त्याच्या तळापासून ढवळून पळीभर घ्यावं. पालक म्हणून बघायला जाणाऱ्या आईने आज येते असा निरोप पाठवू नये.

खानावळीसाठीही एक सोपा उपाय आहे. दुसऱ्या गावच्या गटातल्या एखाद्या ताईला, जिला आपल्या वाढणाऱ्या बाया ओळखत नाहीत, आपल्याच गटाने जेवणाचे पैसे देऊन पाठवावं. एकदा गर्दीच्या वेळी आणि एकदा शेवटच्या पंगतीला. काय मिळालं, किती मिळालं, बोलणं कसं होतं, ते तिने बैठकीत सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने सांगावं. वाढताना अनोळखी आणि सांगताना ओळखीची. एकटीला बोल लावण्यासाठी हे करायचं नाही, गटाची घडी बसवण्यासाठी करायचं.

आणि वाढणाऱ्या बाईने काय करावं? कोण तपासायला आलंय हे हुडकत बसू नये. पळी एकच ठेवावी, भाव पाटीवर लिहावा, आधी आलेल्याला आधी बसवावं. मग ग्रामसेवक येवोत, वर्तमानपत्रवाले येवोत, नाहीतर उसाच्या फडातून उन्हातान्हाची आलेली मजूर बाई. तिच्या पानावरचं वाढप साहेबांच्या पानासारखं असेल, तर कोणी चेहरा लपवून आलं काय आणि दाखवून आलं काय, आपल्याला भ्यायचं कारण नाही.

गटाच्या बैठकीत यावर जरूर बोला: आपल्या गावात कोणाच्या पानावर कमी पडतं? आणि ते सांगायला आजवर कोणाला विचारलं आहे?