घराखालची चौथी तार

ट्रकला जोडलेलं अख्खं घर रस्त्यानं चाललंय, असं कधी पाहिलंय? अमेरिकेत हे दिसतं. कारखान्यात बांधलेल्या या 'मोबाइल होम'च्या तळाशी भक्कम लोखंडी सांगाडा असतो. जागेवर पोचलं की घर ठोकळ्यांवर टेकवतात. गंमत म्हणजे नाव फिरतं घर, पण बहुतेक घरं त्यानंतर हलतच नाहीत! १५ जून १९७६ पासून तिथल्या सरकारनं अशा घरांना देशभर एकच नियमावली लावली.

घर आणि जमीन यांच्यामध्ये माणूस सरपटत जाईल एवढीच पोकळी उरते. ओली माती, उंदीर, नळाचे पाइप, डोक्यावर लोखंड आणि त्यातूनच विजेच्या वायरी!

घराबाहेरच्या मेन स्विचच्या पेटीतून आत चार तारा जातात. दोन जिवंत, म्हणजे आपल्या वायरमनच्या भाषेत फेजच्या, एक न्यूट्रल आणि एक अर्थिंगची. न्यूट्रल आणि अर्थिंग बाहेरच्या पेटीत एकमेकींना जोडलेल्याच असतात. मग तीन तारांत भागणार नाही का? खरी गोम इथेच आहे.

न्यूट्रल ही विजेची परतीची रोजची वाट. अर्थिंग फक्त संकटातली. घराचा लोखंडी सांगाडा आणि पत्र्याच्या भिंती अर्थिंगला जोडतात. फेजची तार सोलवटून लोखंडाला टेकली, तर अर्थिंगमधून एकदम मोठा प्रवाह वाहतो आणि स्विच आपोआप पडतो. पण समजा कुणी तार वाचवायला न्यूट्रललाच सांगाडा जोडला, आणि पुढे ती न्यूट्रल कुठे तुटली. मग परतीचा प्रवाह अडतो आणि सगळं लोखंड जिवंत होतं! ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून पत्र्याला हात लावणाऱ्या मुलाच्या अंगातूनच वीज वाट काढते. चार तारा असतील तर न्यूट्रल तुटल्यावर काही दिवे मंद होतील, काही डोळे दिपवतील, पण पत्रा शॉक देणार नाही.

आपल्याकडेही अर्थिंगची ही वेगळी वाट असते. काढून ठेवलेला इस्त्रीचा प्लग पाहा. तिसरी जाड पिन लांबही असते ना? ती अर्थिंगची. सॉकेटमध्ये ती सर्वांत आधी टेकते.

घराखालून जाणारी वायर नुसती लोंबकळत ठेवून चालत नाही. ती पाइपातून न्यायची. प्लास्टिकचा पाइप जमिनीत पुरायचा तर साधारण दीड फूट खोल. तरी आत ओल शिरतेच, म्हणून वायरही ओलाव्यात टिकणारीच हवी. घरातली साधी वायर इथे कुजते.

थंडीत नळ गोठू नयेत म्हणून पाइपाला विजेवर तापणारी पट्टी लावतात. ती स्वतःवरच गुंडाळली गेली तर तापून पेटू शकते. तिच्या सॉकेटला असं उपकरण लागतं, की जेमतेम ५ मिलिअँपिअर वीज भलतीकडे गळाली तरी ते पुरवठा तोडतं. आपल्या घरातलं तसं उपकरण सहसा ३० मिलिअँपिअरचं असतं.

आणि हो, घरातला स्विच बंद केला तरी बाहेरच्या पेटीपासून घरापर्यंतची वायर जिवंतच राहते! म्हणून जाणता वायरमन बाहेरची पेटी बंद करून कुलूप लावतो. टेस्टर आधी चालू वायरीवर तपासतो, मग बंद वायरीवर, मग पुन्हा चालूवर. तोच बिघडलेला नाही ना? आणि मगच उताणा होऊन घराखाली सरकतो.