सेवेसाठी पायी, सेवेसाठी सायकलवर

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. कारखान्यातील कामगार, कचेरीतील कारकून, महाविद्यालयातील विद्यार्थी आणि त्यांना शिकविणारे प्राध्यापक हे सारे एकाच वाहनावरून जात. सायकलीला कराचा बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला म्हणजे पोलीस अडवीत, ही आठवण जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात अजूनही येते. पुढे स्कूटरी आणि मोटारसायकली आल्या, रस्ते त्यांनी भरून गेले आणि सायकल अडगळीत पडली. अलीकडच्या काळात ती परतली आहे खरी. पण रोजच्या कामापेक्षा सुट्टीतील लांबच्या प्रवासासाठी तिचा उपयोग अधिक होऊ लागला आहे. अशा प्रवासाला सत्कार्याची जोड देण्याची प्रथाही रुजत आहे. पाचसहा दिवस घाटमाथ्यावरून आणि कोकणातून सायकलने वा पायी जावयाचे, आणि त्या निमित्ताने एखाद्या रुग्णालयासाठी, शाळेसाठी किंवा वसतिगृहासाठी देणग्या गोळा करावयाच्या, असे तिचे स्वरूप असते. नाशिकच्या महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली, तीही आदिवासींच्या नेत्रोपचारांकडे समाजाचे लक्ष वेधण्यासाठी.

कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचे उदाहरण या संदर्भात जगभर दिले जाते. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला हा तरुण कर्करोग-संशोधनासाठी निधी उभारण्याकरिता १२ एप्रिल १९८० रोजी धावू लागला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापून १ सप्टेंबर रोजी आजार बळावल्यामुळे थांबला. परंतु ही कल्पना परदेशातून आली असे मानण्याचे कारण नाही. पुण्याच्या मातीत ती फार पूर्वीची आहे.

हिंगण्याची पायवाट

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो गावाबाहेर हिंगण्यास नेला. शहरात तेव्हा प्लेगचा कहर होता आणि विधवांच्या संस्थेला गावात फारसा थारा नव्हता. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. हिंगणे आणि शहर यांमधील वाट ते पायी तुडवीत. पावसाळ्यात ती चिखलाची असे. जाताना अध्यापन आणि येताना आश्रमाचा शिधा, असा तो दुहेरी प्रवास होता. महाविद्यालयाला सुट्टी लागली की वर्गणीसाठी फिरती सुरू होई. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमासाठी गावोगाव हिंडून पैसे जमविले आणि १९१८ मध्ये त्या अमेरिकेस पोहोचल्या. तेथे घरकाम करून त्यांनी दिवस काढले. कर्व्यांनी वयाच्या ७८ व्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले आणि पुण्याच्या पेठांतून दारोदार जाऊन लहान लहान रकमा गोळा केल्या.

या फिरतीत रकमेपेक्षा भेट महत्त्वाची होती. ज्याच्या दारात वृद्ध प्राध्यापक स्वतः चालत येतो, तो एक रुपया देतो तेव्हा त्या कामाची माहितीही करून घेतो. आज सायकलस्वार ज्या कर्वे रस्त्याने शहराबाहेर पडतात, तो त्याच हिंगण्याकडे जातो. हिंगण्याचे नाव आता कर्वेनगर झाले आहे.

दांडी, पोचमपल्ली, कन्याकुमारी

बहुदिनी पदयात्रेचे शास्त्र या देशात गांधीजींनी १९३० मध्ये घालून दिले. १२ मार्च रोजी साबरमतीहून निघालेली दांडीयात्रा ६ एप्रिलच्या मिठाच्या सत्याग्रहापर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर चालली. यात्रेच्या पुढे गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची ‘अरुण तुकडी’ जात असे. गावाची माहिती घेणे, मुक्कामाची जागा पाहणे, पाण्याची आणि साध्या भोजनाची सोय लावणे हे तिचे काम. तरीही वाटेत गफलत झालीच. यात्रेकरूंसाठी सुरतेहून दूध मागविले गेले आणि रात्रीच्या प्रवासात प्रखर किटसन दिवे मजुरांच्या डोक्यावर देऊन त्यांना घाईने चालविण्यात आले, तेव्हा भाटगाम येथील सभेत गांधीजींनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना उघडपणे दोष दिला. गरिबांच्या नावाने निघालेली यात्रा गरिबांच्याच माथ्यावर बसते, हा धोका त्यांनी ओळखला होता. आज पुण्याहून निघणाऱ्या यात्रांच्या संयोजकांनी हा प्रसंग अवश्य वाचावा. बाटलीबंद पाण्याच्या पेट्या आणि न्याहारीचे खोके घेऊन वाहनांचा ताफा एखाद्या वाडीत शिरतो, आणि मागे कचरा तेवढा राहतो, असे घडू शकते.

विनोबांची भूदानयात्रा १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे मिळालेल्या १०० एकरांच्या दानाने सुरू झाली. १९५८ मध्ये ते महाराष्ट्रात पायी फिरत होते आणि पंढरपूरच्या मंदिरात त्यांनी अन्य धर्मीयांसह विठ्ठलाचे दर्शन घेतले ते याच प्रवासात. भूदानात लाखो एकर जमीन जाहीर झाली. मात्र तिचा मोठा भाग प्रत्यक्ष वाटपात येऊ शकला नाही. दान मिळविणे आणि ते पोहोचविणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसऱ्याला चिकाटी अधिक लागते.

सायकलवरील यात्रांमध्ये बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानाचे स्थान अनन्य आहे. साने गुरुजींच्या जयंतीदिनी, २४ डिसेंबर १९८५ रोजी, कन्याकुमारीहून ११६ युवक-युवती सायकलींवर निघाले आणि ५,०४२ किलोमीटरचा प्रवास करून १९८६ च्या एप्रिलमध्ये जम्मूस पोहोचले. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बाबांना बसता येत नसे. ते खास सोयी केलेल्या वाहनात आडवे पडून सोबत होते. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा निघाली. या यात्रा निधीसाठी नव्हत्या, तुटत चाललेली मने सांधण्यासाठी होत्या. तरी शंभरावर माणसे महिनोन्महिने सायकलींवर चालवावयाची, खाऊ घालावयाची, आजारी पडल्यास सांभाळावयाची, याची घडी त्यांतून बसली.

घाटाचे गणित

पुण्याहून गोव्याकडे जाणारा मार्ग सायकलयात्रेकरूंच्या विशेष आवडीचा आहे. सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असे साधारण ४५० किलोमीटरचे अंतर चारपाच दिवसांत कापता येते. सह्याद्रीची रचना ध्यानात घेतली तर या मार्गाचे रहस्य उलगडते. हा डोंगर पूर्वेकडे हळूहळू उतरतो आणि पश्चिमेकडे एकदम तुटतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर आणि आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. म्हणजे खंबाटकीसारखे चढ सोडले तर जाताना निव्वळ चढ थोडा. पण आंबोलीहून पुढे काही किलोमीटरांतच सुमारे ६०० मीटर खाली यावे लागते. ताम्हिणी आणि वरंधा या घाटांचीही तीच तऱ्हा.

परतीचा चढ मात्र कष्टाचा. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन ६०० मीटर वर न्यावयाचे तर शरीराला पाचशेहून अधिक कॅलरी खर्चाव्या लागतात. नेहमीच्या जेवणाखेरीज जवळजवळ तीन भाकऱ्या. म्हणूनच बहुतेक यात्रा एकाच दिशेने आखतात आणि सायकली टेम्पोत घालून परत आणतात. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. उतारावर हीच शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर चाकाची कड तापते आणि आतील ट्यूब फुटण्याचा संभव असतो. म्हणून पुढचा व मागचा ब्रेक आळीपाळीने, थोडा थोडा लावावा असे जाणकार सांगतात. घाटातील अपघात चढावर क्वचितच होतात, उतारावर होतात, आणि तेही दमलेल्या माणसाला ‘आता सोपे आहे’ असे वाटू लागल्यावर.

ऋतूची निवड तितकीच महत्त्वाची. पावसाळ्यात घाट मनोहर दिसतात हे खरे, परंतु ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये ही गावे दरडीखाली गेली, हे विसरून चालणार नाही. अतिवृष्टीत जिल्हा प्रशासन काही घाट वाहतुकीस बंद ठेवते; त्याची चौकशी निघण्यापूर्वी करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कोकणात मात्र हिवाळ्यातही दुपारी दमट उकाडा असतो. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि पाण्याबरोबर क्षारही जातात. तेव्हा पहाटे निघून दुपारपूर्वी मुक्काम गाठणे, आणि एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पेय जवळ ठेवणे, हे दोन नियम पाळलेच पाहिजेत. चमचा चहाचा घ्यावा. मिठाचे प्रमाण वाढविणे घातक ठरते.

वारीकडून घेण्यासारखे

मुक्कामाची व्यवस्था शिकावयास पुणेकरांना दूर जावे लागत नाही. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी दर वर्षी पुण्यात विसावते. पुढे ज्ञानेश्वरांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तो सबंध वाटचालीतील लांब टप्प्यांपैकी एक. या प्रचंड समुदायाचे खरे एकक म्हणजे दिंडी. प्रत्येक दिंडीचा आपला ट्रक असतो. तो राहुट्या, भांडी आणि शिधा घेऊन पुढच्या तळावर आधी पोहोचतो. वारकरी जेवणाच्या खर्चासाठी आपली भिशी आधीच भरतो. लाखोंच्या गर्दीत माणूस हरवत नाही, कारण त्याला पन्नास-शंभर जण नावाने ओळखतात. आषाढीपूर्वी पंढरपूरला सायकलवारी करणारे पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नाशिक येथील सायकलस्वारही हीच पद्धत आपल्या परीने वापरतात. पायी यात्रेचा टप्पा १५ ते २५ किलोमीटरांचा आणि सायकलयात्रेचा ८० ते १०० किलोमीटरांचा ठेवावा. सर्वांत मंद माणसाला झेपेल तो वेग यात्रेचा वेग समजावा.

हिशेब

अशा यात्रांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे: प्रवासावर इतका खर्च करण्यापेक्षा ती रक्कमच दान का देऊ नये? समजा ३० जणांच्या पाच दिवसांच्या यात्रेला माणशी ५,००० रुपये लागले, तर खर्च दीड लाखाचा होतो. दोन लाखांच्या देणग्या मिळाल्या आणि खर्च त्यांतूनच भागविला, तर संस्थेच्या हाती पन्नास हजार उरतात. देणाऱ्याला मात्र आपला पैसा रुग्णाच्या औषधाला गेला असे वाटत असते. यावर उपाय वारकऱ्यांचाच आहे. प्रत्येकाने आपली भिशी स्वतः भरावी आणि देणगीतील एकही रुपया प्रवासावर खर्च होऊ नये. ज्या यात्रा हा नियम जाहीर करून पाळतात, त्यांना दुसऱ्या वर्षी वर्गणीसाठी फारसे फिरावे लागत नाही.

कायद्याची बाजूही सांभाळावी लागते. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला सत्कार्यासाठी वर्गणी गोळा करावयाची असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क नुसार धर्मादाय कार्यालयाची अनुमती घ्यावी लागते. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे देणगी थेट लाभार्थी संस्थेच्या बँक खात्यात भरावयास सांगणे आणि पावतीही संस्थेनेच देणे. आयकरातील सवलत हवी असणाऱ्याने २,००० रुपयांपेक्षा अधिक देणगी रोखीने देऊन चालत नाही. वाटेत भेटणाऱ्या उत्साही दात्यांना हे आधीच सांगितलेले बरे.

शक्य असेल तेथे यात्रेचा शेवटचा मुक्काम त्या शाळेत किंवा रुग्णालयातच ठेवावा. तेथे जमाखर्च वाचून दाखवावा, त्याची एक प्रत फलकावर लावावी, आणि ज्या गावांनी वाटेत जेवू घातले त्यांनाही पोस्टाने एकेक प्रत पाठवावी. टेम्पोत सायकली चढविण्याचे काम त्यानंतरचे.