स्वयंपाकघर नसलेले हॉटेल

आमचे हॉटेल बघायला आई पहिल्यांदा कराडहून अमेरिकेत आली, तेव्हा तिन्ही मजले फिरून झाल्यावर तिने विचारले, "अरे, भटारखाना कुठे आहे?" तो नाहीच म्हटल्यावर ती म्हणाली, "मग हे कसले हॉटेल? लॉज म्हण की!"

तिचे बरोबरच होते. चौसष्ट खोल्या आणि सकाळचा फुकट नाश्ता, एवढेच आम्ही देतो. मिशिगनहून फ्लोरिडाला जाणारा ७५ क्रमांकाचा महामार्ग जॉर्जियातून जातो, त्याच्या कडेला आम्ही आहोत. माणसे रात्री टेकतात, सकाळी निघून जातात. या धंद्यातला नफा काय नाही, यातच आहे. आचारी नाही, वाढपी नाहीत, उरलेल्या अन्नाची नासाडी नाही.

दारावरची पाटी एका मोठ्या साखळीची. तिच्यापोटी खोलीभाड्याच्या शंभर डॉलरमागे दहा-बारा डॉलर साखळीला जातात. आम्हाला नफा होवो वा न होवो. बदल्यात नाव मिळते, आरक्षणे मिळतात. १९५१ मध्ये केमन्स विल्सन नावाचा गृहस्थ मुलाबाळांसह सहलीला निघाला. मुक्कामाच्या जागी मुलांचे वेगळे पैसे घेतात, हे पाहून तो वैतागला. १९५२ मध्ये त्याने मेम्फिसला पहिले 'हॉलिडे इन' काढले. कुठल्याही गावात त्याच पाटीखाली तशीच खोली मिळेल, हा भरवसा पुढे अशा साखळ्यांनी विकला.

या धंद्यात सुरत-नवसारीकडचे पटेल आमच्या कितीतरी आधी आले. काउंटरमागच्या खोलीत संसार, घरचेच सगळे कामाला. आम्ही नोकरदार घरातले. आम्हाला हिशेब कागदावर मांडायची सवय.

कागदावर मला एक फट सापडली. एक खोली आवरायला अर्धा तास लागे. तो सव्वीस मिनिटांवर आणला, तर रोजच्या चाळीस खोल्यांत १६० मिनिटे वाचतात. ताशी १२ डॉलर मजुरीने दिवसाला ३२ डॉलर, वर्षाला साडेअकरा हजारांच्या वर! मी घड्याळ लावले. आई म्हणाली, "त्या बाईला पाणी तरी पिऊ दे." मी हसण्यावारी नेले. चार महिन्यांत दोन जुन्या बायका सोडून गेल्या. बाथटबमध्ये केस सापडल्याच्या तक्रारी आल्या, भाडे परत द्यावे लागले. वाचवलेले पैसे नव्या बायकांना काम शिकवण्यातच गेले. तरी घड्याळ काही मी काढले नाही.

मग २०२० साल आले. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या हॉटेलांच्या चारांतल्या जवळपास तीन खोल्या रिकाम्या होत्या. साखळीचा वाटा उत्पन्नाबरोबर उतरला, बँकेचा हप्ता नाही उतरला. कामाची माणसे घरी बसवावी लागली. बायको आणि मी चादरी बदलू लागलो. दोन पलंगांची पहिली खोली आवरायला आम्हा दोघांना मिळून चाळीस मिनिटे लागली. गादीचा कोपरा उचलताना कमरेत कळ आली, तेव्हा मला माझे सव्वीस मिनिटांचे गणित आठवले. बायको काही बोलली नाही. तिने फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

प्रवासी परतले, तशा बायकाही परतल्या. खोलीमागे पुन्हा अर्धा तास धरला आहे. वर्षअखेर नफाही दिसतो. त्या अर्ध्या तासातली चार मिनिटे मी पाणी पिण्याची म्हणून धरतो.