अद्ययावतीकरण का अडते? डेबियनच्या वहीतील नोंदी

शाळेच्या संगणक-खोलीत किंवा गावच्या ग्रंथालयात कोणीतरी उत्साहाने डेबियन बसवून देतो. दोन-चार वर्षे सगळे सुरळीत चालते. मग एके दिवशी अद्ययावतीकरण अडते, पडद्यावर इंग्रजीत लालसर ओळी उमटतात आणि 'सगळे पुसून नव्याने बसवा' असा सल्ला मिळतो. माझ्या पाहण्यात हा सल्ला दहापैकी नऊ वेळा अनाठायी असतो. बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला एवढे कळले, तरी अर्धे काम होते.

इयान मर्डॉक याने १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनमध्ये पॅकेजे हाताळणारे दोन थर आहेत. वरचा थर एपीटी. तो सर्व्हरवरून याद्या आणतो, कोणत्या पॅकेजला कोणते लागते याचा हिशेब करतो आणि फायली उतरवून घेतो. खालचा थर डीपीकेजी. तो पॅकेज उलगडतो, मग त्याची मांडणी करतो आणि प्रत्येक पायरीची नोंद एका साध्या मजकूर-फायलीत ठेवतो. 'स्टेटस' नावाची ही फाइल म्हणजे संगणकाची खतावणीच. ती कोणत्याही संपादकात उघडून वाचता येते, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते.

याद्याच येत नसतील तर दोष बहुधा वरच्या थरात असतो. जुन्या संगणकात एक कारण हमखास सापडते : मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि 'ही यादी अद्याप वैध नाही' असा संदेश येतो. संगणकाच्या दृष्टीने तो खराच, कारण यादीवरची तारीख त्याला भविष्यातली दिसते. घड्याळ लावले की प्रश्न मिटतो. दुसरे कारण आवृत्तीच्या वयाचे. डेबियन १०, म्हणजे 'बस्टर', जुलै २०१९ मध्ये आली आणि तिचा दीर्घकालीन आधार ३० जून २०२४ रोजी संपला. अशा आवृत्त्या पुढे संग्रहाच्या सर्व्हरवर हलवतात, त्यामुळे जुन्या पत्त्यावर 'सापडले नाही' एवढेच उत्तर येते. संग्रहाचा पत्ता घातला तर पॅकेजे मिळतात, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या तेथे येत नाहीत. तेथे वरची आवृत्ती घेणे हाच उपाय.

कुलपाचा संदेश मात्र सर्वांत जास्त गैरसमज पसरवतो. एका वेळी एकानेच वहीत लिहावे म्हणून डीपीकेजी 'लॉक' नावाची फाइल अडवून धरतो. 'ती फाइल पुसून टाका' हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो घातक आहे. कुलूप फायलीच्या असण्यात नसतेच. ते कर्नलने त्या फायलीवर धरलेले असते आणि धरणारा प्रोग्राम संपला की आपोआप सुटते. फाइल पुसली तर त्याच नावाची नवी फाइल तयार होते, तिच्यावर वेगळे कुलूप बसते आणि दोन प्रोग्राम एकाच वहीत लिहू लागतात. बहुतेक वेळा कुलूप धरणारे असते ते पार्श्वभूमीवर चालणारे स्वयंचलित अद्ययावतीकरण. चहा घेऊन यावे.

वीज जाणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. पॅकेज उलगडले पण मांडणी राहिली, अशा क्षणी वीज गेली तर वहीत 'उलगडलेले' अशी नोंद राहते. डीपीकेजीला 'कॉन्फिगर' हा पर्याय सर्व पॅकेजांसाठी देऊन चालवले की तो राहिलेल्या नोंदी शोधून काम पुरे करतो. तरीही अवलंबित्वे जुळत नसतील तर एपीटीचा 'फिक्स-ब्रोकन' पर्याय आहे. त्याआधी डिस्कवर जागा आहे का ते पाहावे. जुन्या कर्नलांनी 'बूट' विभाग भरून गेलेला असणे हे फार साधे आणि फार दुर्लक्षित कारण आहे. वहीच खराब झाली असेल, तर 'व्हार'खालच्या 'बॅकअप्स' या फोल्डरमध्ये तिच्या अलीकडच्या प्रती असतात.

एक संदेश मात्र युक्तीने गप्प करू नये : सही पटत नसल्याचा. सही तपासणे बंद करण्याची सोय एपीटीत आहे आणि घाईत ती वापरलीही जाते. त्यानंतर मधल्या कोणीही काहीही आपल्या संगणकात घालू शकतो. सही सगळे सांगते असेही नव्हे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला डेबियनच्या अनस्टेबल शाखेवर एसएसएच-प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. शोध घेता एक्सझेड या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो त्या प्रकल्पाच्याच एका देखभालकर्त्याच्या नावाने आला होता आणि डेबियनची सही रीतसर होती. स्टेबल आवृत्तीपर्यंत तो पोहोचला नव्हता. बाकीच्यांना जुन्या कोडकडे परत न्यायचे होते, पण एपीटी आपणहून खालच्या क्रमांकाकडे जात नाही. म्हणून दुरुस्त पॅकेजचा क्रमांकच '५.६.१+रिअली५.४.५-१' असा ठेवला गेला आणि ते नेहमीच्या अद्ययावतीकरणाच्या वाटेनेच घरोघर गेले.